एकशे तीस टक्के

चौकात माझा पंधरा फुटी चेहरा लागला, तेव्हा मी अजून 'हो' म्हटलेलंच नव्हतं.

फ्लेक्सवर मी हसत होते. ओळखपत्रावरचा फोटो मम्मीनं कापून घेतला होता, गाल जरा उजळ केले होते आणि मागे निळं आकाश आणि उगवता सूर्य टाकला होता. वर लिहिलं होतं : 'कु. गिरिजा महालिंग बिराजदार हिने कायम एकाग्रता स्वीकारल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे बटणाएवढे फोटो. दोन काका, एक मामा, नगरसेवक, आणि ज्याला मी जन्मात पाहिलेलं नाही असा भलामोठा मित्रपरिवार. सायकलवरून एक पाय खाली टेकवून मी ते सगळं वाचलं. माझ्या होकाराची खबर अख्ख्या लातूरला होती, फक्त मलाच नव्हती.

आमच्या घरात यात नवल काही नाही. गंजगोलाईच्या मागे 'महालिंग आर्ट्स' हे आमचं दुकान. पप्पा फ्लेक्स छापतात, मम्मी कॉम्प्युटरवर डिझाइन करते. जून महिना म्हणजे निकालांचा सीझन. निकाल लागल्यावर छापायला बसलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, म्हणून गुणवंतांचे फ्लेक्स आमच्याकडे आधीच छापून तयार असतात. टक्क्यांची जागा तेवढी मोकळी ठेवायची आणि निकालाच्या दिवशी वरून आकडा चिकटवायचा. एखाद्याचा आकडा आलाच नाही, तर त्याचा फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर उलटा पसरला जातो. मम्मी-पप्पांना माझा होकार त्या आकड्यासारखाच वाटला. मागाहून चिकटवायचा, पण येणार हे नक्की.

मम्मीचं एक पालुपद आहे. "दुसऱ्यांच्या लेकरांच्या तोंडावरचे मुरूम पुसण्यात माझी नजर गेली," ती म्हणते. इतकी वर्षं ती लोकांची पोरं कापून सूर्यासमोर उभी करत आली आहे. एकदा तरी आपलं पोर तिथं उभं राहावं, एवढीच तिची इच्छा होती. ती इच्छा वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही.

पण ही गोष्ट सुरू झाली ती एप्रिलात.

अकरावीची परीक्षा संपली आणि मला निश्चल अकॅडमीच्या उन्हाळी बॅचमध्ये घातलं. 'घातलं' हाच शब्द बरोबर आहे, मला विचारलं कुणी नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्याची सुट्टी फक्त कॅलेंडरवर असते. शाळा बंद झाली की क्लासेसचे हॉल भरतात, आणि 'सुट्टी सत्कारणी लावा' असं लिहिलेले फ्लेक्स आम्हीच छापून देतो. निश्चलचा हॉल बर्फासारखा गार होता आणि खिडक्यांना काळा कागद लावलेला होता. दारातच प्रत्येकाच्या हातात एक पट्टी ठेवली जायची. आत गेल्यावर ती डोक्याला बांधायची.

पट्टीचं शास्त्र हंगरगे सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर काढून समजावलं, आणि खरं सांगायचं तर छान समजावलं. अकॅडमी त्यांचीच, फिजिक्सही तेच शिकवायचे. आपण काही काम करत नसलो की मेंदू विश्रांती घेत असेल, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. कपाळामागचा मधला भाग, डोक्याच्या मागच्या बाजूचा एक भाग आणि कानांच्या वरचे दोन, हे अशा वेळी आपापसांत बोलायला लागतात. काल काय झालं, उद्या काय होईल, त्या दिवशी मी अमुक बोलले असते तर काय झालं असतं, ही सगळी बडबड तिथली. सर त्याला स्वैरजाळं म्हणायचे. डोळे पुस्तकात असतात, पान संपतं आणि काहीच कळलेलं नसतं, तेव्हा या जाळ्यानं आपल्याला पळवलेलं असतं.

पट्टीतले संवेदक केसांमधून मेंदूतल्या विजेच्या लहरी वाचतात. स्वैरजाळं जागं व्हायला लागलं की आपल्याला कळायच्या आत पट्टीला कळतं. मग पट्टीला मागे बसवलेल्या चकत्यांमधून कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी त्या भागावर सोडल्या जातात आणि तिथल्या पेशी थोडा वेळ गप्प बसतात. दुखत नाही, चटका बसत नाही. शेजारच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बंद केल्यावर कसं वाटतं, तसं वाटतं.

मला पट्टी आवडली. हे मी लपवणार नाही. स्थिरविद्युत हा धडा अकरावीपासून मला घाबरवत होता, तो मी दोन बैठकांत संपवला. भूक लागली तरी हात लिहीत राहायचा. संध्याकाळी बाहेर पडताना आपण दिवसभर एकही मिनिट चुकवलं नाही, अशी एक ताकद अंगात असायची. मे महिना अर्धा सरला तोवर बारावीचं अर्धं फिजिक्स माझं झालं होतं, आणि बॅचमध्ये माझा नंबर पहिला होता.

घरीही सगळे खूश. महिनाभरात मम्मीचं आणि माझं एकदाही भांडण झालं नाही. आधी आमचा दिवस भांडणानंच उजाडायचा. केस, मोबाइल, भेंडीची भाजी, काहीही चालायचं. आता ताटात येईल ते मी खायची आणि विचारलं तेवढं बोलायची. पट्टी उतरवल्यावरही तिचा असर तास-दीड तास राहायचा, आणि तो ओसरायच्या आत मी झोपलेली असायची.

"लेकरू किती शांत झालंय बघा," मम्मी पप्पांना म्हणायची.

पप्पा मशीनमधून निघणाऱ्या फ्लेक्सकडे बघत म्हणायचे, "व्हय. लईच शांत झालंय."

माझ्या शेजारी तहसीन बसायची. पाचवीपासूनची माझी मैत्रीण. तहसीन नकला करायची आणि नुसता आवाज काढून थांबायची नाही. हंगरगे सर भाजी बाजारात दोडक्याचा भाव करायला गेले तर काय बोलतील, मुख्याध्यापिका नळावरच्या भांडणात सापडल्या तर काय म्हणतील, असं ती जागच्या जागी रचायची. मी हसून हसून पोट धरायची. पट्टी आल्यावर एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तिला म्हटलं, "सरांचा आवाज काढ की."

तिनं काढला. हुबेहूब. पण सर सकाळी जे बोलले होते तेच ती बोलली, शब्दाला शब्द. मग डब्याचं झाकण लावून आत निघून गेली. मला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मेअखेरीला एक सराव परीक्षा झाली. त्यात उष्णतेवरचा एक प्रश्न होता. एका इंजिनाला चारशे ज्यूल उष्णता दिली, त्यानं पाचशे वीस ज्यूल काम केलं, तर त्याची कार्यक्षमता काढा. मी सूत्र लिहिलं, भागाकार केला. एकशे तीस टक्के. उत्तराभोवती नीट चौकट काढली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. माझ्या पुढच्या ओळीनं तेच केलं, मागच्या ओळीनंही तेच. हंगरगे सर पाठीमागे हात बांधून हॉलमधून फिरत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. एवढ्या मुलांमधल्या एकाचीही मान वर झाली नव्हती.

त्याच आठवड्यात त्यांनी पालकांना बोलावलं आणि 'कायम'ची घोषणा केली.

कायम म्हणजे काय, तर पट्टी रोज जे थोड्या वेळापुरतं करते ते एकदाच आणि कायमचं करायचं. दवाखान्यातल्या मोठ्या यंत्रानं त्याच जागी जास्त ताकदीच्या लहरी पुन्हा पुन्हा सोडायच्या. त्यामुळे स्वैरजाळ्यातले दुवे कायमचे कमजोर होतात. वीस-एकवीस वर्षांपर्यंत मेंदू अजून घडत असतो, त्यामुळे सोळा-सतरा हे वय त्यासाठी सगळ्यांत उत्तम. नंतर पट्टी नको, काही नको. माणूस आयुष्यभर जे समोर आहे त्यावर लक्ष ठेवू शकतो. मात्र हे परत फिरवता येत नाही. उन्हाळी बॅचमधल्या पहिल्या दहा जणांना अकॅडमी ते मोफत करून देणार होती.

कायद्यात एक गोष्ट बरी होती. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचा स्वतःचा होकार लागायचा, तोही अकॅडमीचा नसलेल्या डॉक्टरसमोर, पालकांच्या साक्षीनं. आणि होकाराच्या आधी एक अख्खा दिवस पट्टीशिवाय काढावा लागायचा. त्याला मोकळा दिवस म्हणत.

"मोकळा दिवस झोपून काढा," हंगरगे सरांनी आम्हा दहा जणांना सांगितलं. "डोकं जड होतं, चिडचिड होते. एक गोळी घ्या आणि पडून राहा. संध्याकाळी मंगल कार्यालयात होकार आणि लगेच सत्कार."

मी झोपायचा प्रयत्न केला. झोप येईना. सकाळी पलंगावर पडल्या पडल्या पंख्याकडे बघत होते आणि हळूहळू डोक्यात काहीतरी चाळवायला लागलं. आधी एका गाण्याची अर्धी ओळ आली. मग पाचवीतल्या एका मुलीचं आडनाव. मग महिनाभरापूर्वी मम्मीनं माझी जुनी निळी ओढणी मला न विचारता मशीन पुसायला फाडली होती ते आठवलं, आणि त्या वेळी न आलेला राग आत्ता आला. महिनाभराचे सगळे राग रांग लावून आले. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "माझी ओढणी का फाडलीस?"

मम्मी धपाटे थापत होती. "कोणती ओढणी?"

"निळी!"

"ती होय? महिना झाला तिला. आत्ता काय करायलीस उकरून?"

"महिना झाला म्हणूनच!"

मग आमचं असं काही जुंपलं की खालून पप्पा वर आले. मी भांडता भांडता रडले. मला फार बरं वाटलं. ते भांडण म्हणजे मी होते, आणि महिनाभर मी माझ्याच घरात नव्हते हे मला त्या वेळी कळलं.

रागारागात धपाटा घेऊन मी गच्चीच्या जिन्यावर बसले. खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर आला होता, बायका पाइप ओढत होत्या, कुणीतरी टँकरवाल्याशी हुज्जत घालत होतं. मी काहीच विचार करत नव्हते. टँकर रिकामा होत होता आणि मी बघत होते. टँकरमध्ये जेवढं आहे तेवढंच बाहेर येणार, त्याहून जास्त कुठून येणार, असं काहीसं मनात आलं असावं. आणि घास तोंडात असतानाच मी मोठ्यानं ओरडले, "एकशे तीस टक्के!"

इंजिनाला चारशे दिले आणि त्यानं पाचशे वीस परत केले! असं इंजिन जगात नाही, होणारही नाही. असलं तर लातूरची वीज, पाणी, सगळे प्रश्न एका दिवसात सुटतील. प्रश्नात आकडे उलटे छापले गेले होते. सहावीतल्या पोरानंही हात वर करून 'सर, हे चुकलंय' म्हणावं इतकी ढळढळीत चूक. आणि बॅचमध्ये पहिली आलेली मी त्याला चौकट काढून आले होते.

आधी मी हसले. मग हातातला धपाटा खाली ठेवला. माझं लक्ष त्या दिवशी तसूभरही ढळलं नव्हतं. नेमकी तीच अडचण होती. चूक दिसायला आधी थांबावं लागतं, जरा बाजूला सरकून 'हे काय चाललंय?' असं स्वतःला विचारावं लागतं. हे बाजूला सरकणं त्या स्वैरजाळ्याचंच काम असणार. पट्टीनं मला चुकीच्या गल्लीतही सरळ चालायला लावलं होतं, आणि आज संध्याकाळी ते मला जन्मभरासाठी करून घ्यायचं होतं.

मी सायकल काढली आणि तहसीनच्या घरी गेले. दहांत तिचाही नंबर होता. ती दाराशी चटईवर पडली होती, जागीच होती. आत तिची दोन लहान भावंडं, आजारी मामू, शिवणयंत्रावर तिची अम्मी, आणि या सगळ्यांची मिळून ती एकच खोली. मी तिला इंजिनाचं सांगितलं. तिनं क्षणभर हिशेब केला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अगं, मी पण एकशे तीसच लिहिलं!"

"सगळ्यांनीच लिहिलं. तू आज हो म्हणू नकोस. मी म्हणणार नाहीये."

ती उठून बसली. आवाज खाली करून म्हणाली, "गिरजे, तुझं बरंय. तुला तुझी खोली आहे. इथं अम्मीचं मशीन चालू असतंय, मामू खोकायलेत, ही दोघं भांडायलीत. पट्टी लावली की सगळं बंद होतंय. माझ्या जिंदगीत मला पहिल्यांदा शांत वाटलं ते पट्टीत. तू मला ते सोड म्हणायलीस, तर मग मी बसू कुठं ते पण सांग."

मला तिचा राग आला नाही, पण दुसऱ्याच कुणाचा तरी फार आला. एका मुलीला अभ्यासाला चार भिंती देता येत नाहीत, आणि तिच्या डोक्यातली खोली मात्र मोफत बुजवून देतात! तसंच फणफणत मी परत निघाले, आणि चौकात वर बघितलं तर मीच.

संध्याकाळी मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. होकार घ्यायला बाहेरून आलेल्या डॉ. नळेगावकर मॅडमना वधूपक्षाची खोली दिली होती. आरशावर कुठल्या तरी नवरीच्या टिकल्या अजून चिकटलेल्या होत्या. मी खुर्चीवर, शेजारी मम्मी नव्या साडीत, आणि पप्पा दाराला टेकून उभे. एवढा वेळ मी त्यांना काही बोलले नव्हते. फ्लेक्स बघितला एवढंच सांगितलं होतं, तर मम्मीनं विचारलं होतं, "सूर्य जास्त पिवळा झाला का गं?"

"चोवीस तास पट्टी नाही ना?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"हे परत फिरवता येत नाही, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग, तुझा होकार आहे?"

"नाही."

मम्मी हसली. तिला वाटलं मी चुकून बोलले. मग तिचा चेहरा उतरला. "घाबरलीय ती, मॅडम. जरा थांबा. गिरू, अगं काय बोलायलीस?"

"मी घाबरले नाही. मला नको आहे."

"नको? तुला काय माहीत गं मन जागेवर नसलं की काय होतंय?" मम्मीचा आवाज चढला. "मला विचार! बारावीला केमिस्ट्रीच्या तासाला मी खिडकीबाहेर बघत बसायचे. वर्षभर! डॉक्टर व्हायचं होतं मला. थोडक्यासाठी गेलं. आणि आता बसलेय लोकांची तोंडं पुसत. तेव्हा ही पट्टी असती तर?"

मॅडमनी हळूच विचारलं, "खिडकीबाहेर काय होतं?"

मम्मी पदराचं टोक चिवडायला लागली. दारातून पप्पा खाली बघत म्हणाले, "मी होतो. समोरच्या कंपाउंडवर सिमेंटची जाहिरात रंगवायलो होतो."

मला हसू आलं आणि ते मी दाबलं नाही. "म्हणजे मम्मी, तुझ्या डोक्याला पट्टी असती तर मी नसते."

"तू नसतीस, पण मी डॉक्टर असते!" मम्मी फाडकन म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते मला लागलं. पण खोटं नव्हतं, म्हणून मी ते ऐकून घेतलं. "असतीस," मी म्हणाले. "ते वाईट झालं असतं असंही मी म्हणत नाही. पण बाहेर बघायचं का फळ्याकडे, ते तुझं तू ठरवलंस. तुझी खिडकी कुणी बंद केली नव्हती. माझी मी बंद करू देणार नाही."

डॉक्टर मॅडमनी आपल्या टॅबवर काहीतरी टिपलं. "होकार नाही," त्या म्हणाल्या. "कारण द्यायची गरज नाही, बाळ. जा तू."

दाराबाहेर हंगरगे सर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण ते घामाघूम झाले होते. "हे बघ, पाहुणे आलेत, फ्लेक्स लागलेत. तू नुसती वर ये, शाल-नारळ घे, फोटो होऊ दे. बाकीचं आपण उद्या निवांत बघू."

उद्या काय बघितलं जातं ते मला चांगलं माहीत होतं. फोटो झाला की झालं. तरी मी वर गेले. कारण सत्काराला आपल्याकडे शाल आणि नारळानंतर मनोगत असतं, आणि मनोगताला माइक देतात.

शाल मी खांद्यावर येऊ दिली नाही, हातावरच घेतली. माइक हातात आला. समोर पहिल्या रांगांत अख्खी बॅच बसली होती. आम्ही दहा जण सोडले तर सगळ्यांच्या डोक्याला पट्ट्या, त्यांच्या मागे पालक.

"परवाच्या सराव परीक्षेत," मी म्हणाले, "इंजिनाच्या गणिताचं उत्तर ज्यांचं एकशे तीस टक्के आलं, त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले. एकदम, शिस्तीत. आणि मागून पालकांनी टाळ्या वाजवल्या.

होय, टाळ्या. एकशे तीस टक्के म्हटल्यावर लातूरचे पालक दुसरं काय करणार? कुणीतरी शिट्टीही मारली. मी टाळ्या पुऱ्या होऊ दिल्या.

"आता मला एक सांगा. लिटरभर दूध तापवायला ठेवलं आणि उतरवलं तर ते सव्वा लिटर भरलं, असं कुणाच्या घरी होतं का?"

"आमच्या गवळ्याकडं होतंय!" मागून एक जण ओरडला. हशा झाला.

"तो पाणी घालतो. या इंजिनात कुणी काय घातलं? चारशे दिले आणि पाचशे वीस आले. वरचे एकशे वीस कुणी दिले, हंगरगे सरांनी?"

पट्टीवाली मुलं हात वर धरून माझ्याकडे एकटक बघत होती. मग पालकांतून कुणीतरी फस्सकन हसलं. मी बघितलं, तर मम्मी. पदर तोंडाशी धरला होता, डोळे अजून ओले होते, आणि खांदे गदागदा हलत होते. इतकी वर्षं फ्लेक्सवर टक्के चिकटवणाऱ्या बाईला एकशे तीसचा विनोद सगळ्यांच्या आधी कळला. तिचं हसू बघून शेजारची बाई हसली, मग तिच्या मागची रांग. तेवढ्यात दहा जणांच्या रांगेतून हंगरगे सरांच्या आवाजात खणखणीत ऐकू आलं, "बाळांनो, नळ बंद ठेवा, टाकी आपोआप भरेल! फक्त लक्ष ठेवा टाकीवर!" तहसीन उभी होती, पाठीमागे हात बांधून, पोट पुढे काढून. असं वाक्य सर कधीच बोलले नव्हते. ते तिनं आत्ता, तिथल्या तिथे रचलं होतं.

मला रडू फुटायच्या बेतात होतं, म्हणून मी भराभर बोलले. "चूक छपाईची आहे. आमच्या दुकानात अशा रोज होतात, त्याचं काही नाही. पण एवढ्या मुलांतल्या एकालाही ती दिसली नाही, मलाही नाही. मी अभ्यास करणार आहे. मला फिजिक्स आवडतं. माझं लक्ष पळेल, पळू दे. त्याला परत आणायचं काम माझं आहे, ते मी दुसऱ्या कुणाला करू देणार नाही. मी 'कायम'ला नाही म्हटलेलं आहे."

शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि खाली उतरले. माइक बंद झाला होता, पण शेवटचं वाक्य झाल्यावर.

जिन्यात हंगरगे सरांनी मला गाठलं. ते चिडले होते, पण ओरडले नाहीत. "गिरिजा, तुझ्यासारखी मुलगी कित्येक वर्षांतून एखादी मिळते. तू वाया घालवायलीस सगळं. एक छपाईची चूक धरून बसलीस. अगं, खऱ्या परीक्षेत चुकीचे प्रश्न नसतात."

"परीक्षेनंतर असतात, सर," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी चौघांनी हो म्हटलं, बाकीच्यांनी, तहसीननंही, वेळ मागितला. अकॅडमीनं दुसऱ्याच दिवशी माझं नाव काढून टाकलं. पप्पा स्वतः शिडी घेऊन गेले आणि फ्लेक्स उतरवून आणला. नगरसेवकांचा फोन आला, काका महिनाभर बोलले नाहीत. मम्मीही दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानामागच्या गोदामात जुन्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या उपसताना दिसली.

"बघत काय बसलीस? हात लाव," ती म्हणाली. "इथं दोन टेबलं मावतात. तुझ्या त्या मैत्रिणीला विचार, येते का. पुढं मशीनचा आवाज आहे, पण मागं शांत असतं."

गोदामाला खिडकी नव्हती. पप्पांनी गवंडी बोलावून एक पाडून घेतली. मम्मीनं पहिलं टेबल तिच्याखालीच सरकवलं.

तहसीन आली. तिच्या अम्मीला अजूनही 'कायम'च करून हवं होतं. तहसीन तिला दर महिन्याला सांगायची, "पुढच्या महिन्यात बघू." आम्ही दोघी तिथं बसायचो. लक्ष लागायचं, उडायचं, पुन्हा लागायचं. काही दिवस फार वाईट जायचे. एक पान वाचायला दुपार लागायची आणि पट्टीची अशी आठवण यायची की हात कपाळाकडे जायचा. तेव्हा उठून गोदामात दोन फेऱ्या मारायच्या, स्वतःला दोन शिव्या द्यायच्या आणि पुन्हा त्याच पानावर येऊन बसायचं. हे कुणी शिकवत नाही. ते आम्ही त्या वर्षी शिकलो.

आता तुम्ही विचारणार, मग बारावीला किती पडले?

सगळे तेच विचारतात. एवढं सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात, दुधाच्या विनोदाला हसतात, आणि शेवटी हळूच विचारतात, "पण मार्क किती?" जास्त सांगितले तर म्हणतील, बघा, पट्टीशिवाय जमलंच की. कमी सांगितले तर म्हणतील, बघा, घ्यायला हवी होती. दोन्हींकडे माझ्या 'नाही'ची किंमत तो आकडा ठरवणार. आणि ते 'नाही' मी म्हटलं तेव्हा निकालाचा पत्ताही नव्हता. ते त्या दिवशीच पूर्ण होतं.

म्हणून मी सांगणार नाही. तहसीनचेही नाही.